हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातला धडा

एमएच्या शेवटच्या वर्षी आम्हाला इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा प्रोजेक्ट होता. खऱ्या लोकांसाठी एक धडा तयार करायचा, त्यांना शिकवायचा आणि ते शिकले की नाही ते दाखवायचं. माझी जोडीदारीण पुण्याच्या कॅम्पातल्या शिंप्याच्या घरची मुलगी. अब्बा, चाचा, दोन्ही भाऊ शिलाई मशीनवर. ही मात्र चित्रं काढायची, आणि फार सुंदर काढायची. 'आग लागली तर काय करावं' हा विषय आम्ही घेतला. हिंजवडीत माझी मावसबहीण ज्या हॉस्टेलवर राहायची, तिथल्या स्वयंपाकघरातल्या आठ बायका आमच्या विद्यार्थिनी.

दीड महिना खपून आम्ही बेचाळीस स्लाइड केल्या. ज्वाळा हलायच्या, शिट्टी वाजायची, शेवटी प्रश्नोत्तरं. स्वतःवर आम्ही बेहद्द खूष होतो.

एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर, भाजीच्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून धडा दाखवला. बायकांनी निमूट पाहिला, प्रश्नांची उत्तरंही बरोबर दिली. मग मुख्य स्वयंपाकीण मावशी उठल्या. पन्नाशीच्या, तिथल्याच गावच्या. त्यांच्या सासरच्या भातखाचरांवर आता कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या राहायच्या.

"चित्रं लई चांगली हायेत पोरींनो," त्या म्हणाल्या, "पर ते भिंतीवरचं लाल नळकांडं जरा काढून दावा की."

आग विझवायच्या त्या सिलिंडरकडे मी हात उंचावला. बोटं जेमतेम त्याच्या बुडाला लागली. जोडीदारीण स्टुलावर चढली, तर ते इतकं जड की तिच्या हातून निसटलंच; मावशींनी खालून धरलं म्हणून वाचलो. बायका खदखदून हसल्या.

"आन् कढईतल्या तेलानं पेट घेतला तर? तवाबी हेच मारायचं?" मावशींनी विचारलं.

त्यावर आमच्याकडे स्लाइड नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच्या सरांना सगळं सांगितलं. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "अहो, धडा तयार करायच्या आधी त्या बायकांना काही विचारलंत?"

"नाही सर."

"उत्तम. म्हणजे ज्यांचं आयुष्य चुलीपुढे गेलं, त्यांना तुम्ही विस्तवाची चित्रं दाखवून आलात."

मला रडू येत होतं. जोडीदारीण दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही. चित्रं फुकट गेली याचा तिला जास्त राग होता. तिसऱ्या दिवशी आपणहून आली आणि म्हणाली, "अब्बा माप घेतल्याशिवाय कात्री उचलत नाहीत. चल, माप घेऊन येऊ."

मग चार दिवस आम्ही सकाळपासून त्या स्वयंपाकघरात बसलो. लसूण सोलला, पोळ्या मोजल्या, मधे मधे वहीत लिहिलं. पेटलेल्या तेलावर पाणी मारायचं नाही, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षी एकीने मारलं होतं आणि तिचा हात पोळला होता. आधी शेगडी बंद करायची, मग कढईवर बाजूने परात सरकवायची, आणि गार होईपर्यंत उचलून बघायची नाही. बाकीच्या सात जणींना हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. नळकांडं खाली घ्या, असं आम्ही मॅनेजरना दोनदा सांगून पाहिलं. शेवटी मावशी गेल्या. "साहेब, आग लागली की तुमी येनार हाय का धावत? न्हाय ना? मंग आमच्या हाताला येईल असं लावा." संध्याकाळपर्यंत ते खाली आलं.

नवा धडा वीस मिनिटांचा झाला. एकही स्लाइड नाही. गार कढईवर प्रत्येकीने परात सरकवली, प्रत्येकीने नळकांडं उतरवून दारापर्यंत नेलं. शिकवलं मावशींनी, चुकणाऱ्या हातावर त्या हलकेच चापटी मारायच्या. बेचाळीस चित्रांतलं एकही उरलं नाही. जोडीदारिणीने एकच नवं काढलं, परात सरकवणारे दोन हात, आणि ते शेगडीमागे चिकटवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल उलटून पालटून पाहिला. "पण यात तुम्ही डिझाइन काय केलंत?"

आमच्याऐवजी सरच खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भिंतीतला खिळा दीड फूट खाली आणला. आमच्या विभागातलं या वर्षीचं तेवढंच काम कुणाच्या तरी हाताला लागलंय."

गुण मध्यमच पडले. पण सरांनी आयुष्यात आमचं एवढंच कौतुक केलं आणि आम्हाला ते पुरलं.

निकालानंतर आम्ही आठही जणींसाठी प्रमाणपत्रं छापून नेली. मावशींनी आपलं हातात घेतलं, बोट ठेवून सावकाश वाचलं आणि परत केलं.

"ह्ये चुकलंय. 'प्रशिक्षण घेतले' लिवलंय."

"मग, मावशी?"

"मी घेतलं न्हाय. मी दिलंय."

आम्ही दोघी तशाच कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो आणि नवं छापून आणलं.