ठाण्यात बसवलेला मतदार

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. विधानसभेच्या मतदानाचा दिवस होता. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार. कायदा तोंडपाठ आहे, असा माझा समज होता.

चारच्या सुमारास निनावी फोन आला. "सायेब, खुनाची सजा भोगलेला मानूस वोट टाकाले लायनीत उभा हाय. पाहा काही."

मी गाडी पाठवून त्याला भर रांगेतून उचलून आणला. अशा दिवशी रेकॉर्डवरच्या माणसाला ठाण्यात 'बसवून ठेवायची' आमची जुनी रीत. ना अटक, ना नोंद, नुसतं बाकडं.

पन्नाशीचा माणूस, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. मी त्याचं मतदार कार्ड उजेडात धरून उलटसुलट तपासलं.

"हे कुठून पैदा केलं?"

"फारम भरला, सायेब. दोनदा वापस आला. तिसऱ्यांदा नाव लागलं."

"कैद्याला मत नसतं, माहीत नाही?"

"कैदी होतो तवा नोहतं. आता सुटून सहा वर्सं झाली." त्याची नजर घड्याळावरून हलेना. "सहाले बंद होते, सायेब. गावात मले कोनी पंगतीले बोलवत नाही. यादीत मात्र सगळ्याइच्या मधात नाव हाय माह्यं."

मी चहा मागवला. एकच.

पाच वाजून गेल्यावर जमादार बाई डायरी घेऊन आल्या. "सर, याची नोंद काय करू? सजा भोगून सुटलेल्याला मत देता येतं. तुरुंगात किंवा पोलिसांच्या ताब्यात असलेल्याला नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे याचं मत आता आपल्यामुळेच अडलं आहे."

त्या ट्रेनिंगला मीही होतो. मागच्या खुर्चीवर, डोळे मिटून.

साडेपाच वाजले. गाडी काढायला सांगितली, तर हा उठेना.

"पोलिसाच्या गाडीतून उतरलो त लोक म्हनतीन, हा अजून धरलेलाच हाय."

शेवटी शिपायाची मोटारसायकल घेतली. ठाणेदार पुढे, तो मागे. निम्म्या वाटेत ती बंद पडली. मी किकवर किक मारतोय, घामानं निथळतोय. त्यानं खाली उतरून प्लग काढला, माझ्याच रुमालानं पुसला.

"सायेब, बाजूले सरका. उजेड येऊ द्या."

मी सरकलो.

केंद्रावर पोहोचलो तेव्हा सहाला चार मिनिटं होती. तो पळत जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. सहाच्या ठोक्याला रांगेतल्या लोकांना, वेळ संपली तरी मत देता यावं म्हणून, चिठ्ठ्या वाटल्या; त्यालाही मिळाली, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

बाहेर आला, बोटाची शाई फुंकत. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"जाऊ द्या, सायेब. तुमचं झालं काय वोट टाकनं?"

"हो, टपालानं," मी सांगितलं.

साफ खोटं. टपाली मतदानाचा अर्ज माझ्या खणात कोराच पडला होता. चौकशीत समोरचा माणूस खोटं का बोलतो, यावर मी नव्या पोरांना भाषणं द्यायचो. भीतीनं बोलतो, असं सांगायचो. लाजेनंही बोलतो, हे मला त्या केंद्राबाहेर कळलं.