सुमनने सोडवलेला कागद

"तू थांब. आधी सुमन सोडवील. मग तोच कागद तू घे."

मास्तर हे रोज म्हणायचे. आवाज न चढवता.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची मेची सुट्टी. पार्शात, आमच्या गावी, जमीनदार भाटकारांच्या सोप्यावर हुशार मुलांचा वर्ग भरायचा, पणजीच्या मोठ्या शाळेच्या निवड परीक्षेसाठी. वर्गाला फी होती. आमचं घर भाटकारांच्याच जमिनीत. आई त्यांच्या काजूच्या बागेत राबायची. गावच्या शाळेत माझा पहिला नंबर, म्हणून मला फुकट घेतलं. सुमन भाटकारांची मुलगी. तिचा आठवा.

सायक्लोस्टाइल केलेले सरावाचे कागद फी भरणाऱ्यांपुरतेच यायचे. सुमनची उत्तरं खोडून मी माझी लिहायची. खोडलं तरी तिच्या पेन्सिलीचा वळ राहायचा. तिचं चुकलेलं उत्तर माझ्या बरोबर उत्तराखालून दिसायचं. तिच्या फ्रॉकचा मला हेवा नव्हता. कोऱ्या कागदाचा होता. इतका, की ती आजारी पडावी असं वाटायचं.

एक दिवस भाटकारीण माझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाली, "चेडू फुकट शिकता. सकाळी येवन सोपो तरी झाडीत."

"झाडीत, बाय," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आठ दिवस झाडला. नवव्या दिवशी झाडूला हात न लावता पुढच्या चटईवर जाऊन बसले. कागद वाटले तसा सुमनचा उचलला आणि पहिलं गणित मांडलं.

"ऊठ," मास्तर म्हणाले.

"सोडवून झाल्यावर उठते."

"पळयात, नवी भाटकारीण आयली," सुमन माझ्याकडे दाखवत म्हणाली. सगळे हसले. तरी शेवटच्या गणितापर्यंत गेले. मग उठले. परत त्या सोप्यावर चढले नाही.

परीक्षेचा अर्ज मास्तरांमार्फत जायचा. माझा गेला नाही. सुमन पणजीला गेली, डॉक्टर झाली. मी गावच्याच शाळेत शिक्षिका.

गेल्या महिन्यात सुमन वारली. मी रडले, हे खरं. तिच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहून जळले, हेही खरं. ती गेली. हेवा गेला नाही.

बाराव्याला तिची वहिनी म्हणाली, "टीचर, सुमनताईंच्या नावाने हुशार मुलांचा वर्ग काढतोय. तुम्ही शिकवा. गरिबांना फी माफ. उद्घाटनाला त्यांना तेवढं स्टेजवर उभं करू. देणगीदारांना बरं वाटतं."

"एकही मूल उभं राहणार नाही. माफी कुणाला, हे वर्गात कुणालाच कळणार नाही. जमत नसेल तर मी माझ्या घरी शिकवीन."

तिने विचार करते म्हटलं. करू दे. तिची दोन मुलंही येणार आहेत. यावीत. माझ्या शाळेत कोल्हापूरकडून आलेल्या एका गवंड्याची मुलगी आहे. तिला मी त्या दोघांच्या पुढे नेणार आहे. सुमनच्या आठवणीसाठी नाही. पणजीची ती जागा माझी होती, म्हणून.