खिडकीखालची सहा रोपं

फुलचूरच्या आमच्या गल्लीत धुरपताबाईंवर कोणाचा विश्वास असो नसो, धुरपताबाईंचा मात्र कोणावरच नाही. दूधवाल्यावर नाही, शुगर मोजायच्या मशीनवर नाही आणि आपल्या बाडीत आपोआप उगवलेल्या रोपांवर तर मुळीच नाही. पावसाळ्यात घरामागच्या त्या तुकड्यात काय काय डोकं वर काढतं आणि बाई एकेकाची झडती घेतात. पान चुरगाळून हुंगायचं. टमाटर असेल तर वास बोटाला राहतो. शेवंतीचा आव आणणारं गाजरगवत तिथल्या तिथे उपटायचं. दुधीचा वेल ठेवायचा, पण पहिलं फळ जिभेला लावून. कडू लागलं की वेल मुळासकट बाहेर. बाकीच्यांना एकच कायदा: चार पानं येऊ द्या, मग बोलू.

माहेर देवरीचं, रानाच्या कडेचं, त्यामुळे पानं ओळखण्यात बाई सहसा चुकत नाहीत. माणसं ओळखण्यात मात्र मागच्या हिवाळ्यात त्यांनी माती खाल्ली.

त्यांचे यजमान केशोराव शुगरचे पेशंट. दिवाळीच्या सुमारास आकडा तीनशेच्या वर गेला आणि पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळा, नाहीतर अंगठा जाईल. घरात पथ्य तर कडक होतं. मग शुगर वाढते कशाने? बाईंची नजर सुनेवर, प्रेरणावर गेली. पोरगी मऊ मनाची, सासऱ्यांनी मागितलं तर नाही म्हणणार नाही. बाई नवऱ्याच्या कपातला चहा आधी स्वतः पिऊन पाहू लागल्या. तो फिका निघाला की संशय आणखी वाढायचा. माझ्यासमोर ती साखर टाकेल कशाला?

डिसेंबरात प्रेरणा भावाच्या लग्नासाठी पंधरा दिवस सौंदडला गेली आणि इकडे शुगर धाडकन उतरली. झालं! बाईंना पुरावा मिळाला. सून परतली त्याच दिवशी त्यांनी ऐकवलं, "आजपासून याईच्या चहाले तू हात लावू नोको."

प्रेरणा रडली, शपथा घेतल्या. केशोराव शेजारी बसून पेपर वाचत होते, एक शब्द बोलले नाहीत. मला त्या माणसाचा आजही राग येतो.

सहा महिने गेले. जखम भरली, संशय मात्र होता तिथेच राहिला.

यंदा आषाढात केशोरावांच्या खोलीच्या खिडकीखाली सहा रोपं उगवली. तिथे कोणी काही पेरलं नव्हतं. बाईंनी आपला कायदा लावला आणि थांबल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर केशोराव खुरपं घेऊन खिडकीखाली बसलेले. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने बाडीतली काडी उचलली नव्हती.

"काय करून राहिले जी?"

"निंदून राहिलो. कचरा लय झाला."

"कचरा तं साऱ्या बाडीत हाय. तुमी एथंच काऊन बसले?"

केशोराव मूठ पाठीमागे नेऊ लागले. तोवर बाईंनी त्यांच्या मुठीतलं रोप काढून घेतलं. शेंड्यावर काळ्या, चकचकीत बीची टोपी अजून अडकलेली होती. त्यांनी पान चुरगाळून हुंगलं. देवरीच्या लेकीला हा वास कोणी शिकवावा लागत नाही. सीताफळ.

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या आधीपासून केशोराव बसस्टॉपवरच्या टोपलीवालीकडून सीताफळं आणायचे, दार लावून खायचे आणि बिया खिडकीतून बाहेर थुंकायचे. प्रेरणा सौंदडला गेली त्याच सुमाराला हंगाम संपला, टोपल्या यायच्या बंद झाल्या. शुगर उतरली ती त्यामुळे.

मी कुंपणापलीकडे उभा होतो. वाटलं, आता नवऱ्याची खैर नाही. पण बाई ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. तिथूनच त्यांनी सुनेला हाक मारली आणि माझ्यादेखत म्हणाल्या, "पोरी, माह्यानं लय मोठी चूक झाली. तुह्यावर उगाच आळ घेतला."

बाईंचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? मग त्या उरलेल्या पाच रोपांकडे वाकल्या. "हे आता एक बी ठेवायचे नाई."

प्रेरणाने त्यांचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कापला नाही.

"राहू द्या, आई. उद्या तुमाले पुन्हा माह्यावर शंका आली, तं माह्या बाजूनं बोलाले घरात कोणी तं पायजे."