तिसऱ्या हॅलोला ओ

भाईंदर पश्चिमेला माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. दुपारी तीन ते चार, मोठ्या माणसांसाठी. त्यांना बोलतं करता करता किस्से माझ्याकडे साठत गेले, आणि बघायला गेलं तर त्यातले निम्मे पहिल्या धड्यातल्या एकाच शब्दाचे निघतात. हॅलो.

धडा मी नेहमी तसाच सुरू करते. हॅलो म्हणजे नमस्कार, असं सगळ्यांना वाटतं. मुळात ती लांबच्या माणसाला मारायची हाक. टेलिफोन आला तेव्हा न दिसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हा प्रश्न पडला आणि तीच हाक तिथं चिकटली. खलाशांची आरोळी वापरा, असंही तेव्हा कुणी सुचवलं होतं. आता कुणी तंद्रीत असलं तरी आपण त्याला हॅलो म्हणतो.

"आणि माईक तपासताना," सावंतकाका म्हणाले.

सावंतकाका रिटायर्ड, त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पूजेच्या आदल्या दिवशी भर दुपारी रिकाम्या हॉलमध्ये ते माईकवर "हॅलो, हॅलो" करत होते. मागच्या खुर्च्यांमधून आवाज आला, "बोला." बघितलं तर कुणीच नाही.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? इंग्रजीत हाक मारली, मराठीत उत्तर आलं. म्हटलं, आपलाच माणूस आहे. एक खुर्ची जास्त मांडली."

सगळा वर्ग हसला. हिराबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या, साठी ओलांडलेल्या. म्हणाल्या, "आमी पयल्या हाकेला ओ देत न्हाय, मॅडम. जितं माणूस तीनदा हाक मारतं. मेलेलं एकदाच."

फोनवर बोलायच्या सरावासाठी मी वर्गात एक जुना फोन ठेवलाय, वायर कापलेला. हिराबाई त्याचा रिसीव्हर कानाला लावून गप्प बसायच्या. समोर बसलेली, नोकरी शोधणारी मनीषा हॅलो म्हणायची आणि या बोटं मिटत मोजायच्या. तिसऱ्या हॅलोला ओ.

मनीषाला हे इतकं आवडलं की नोकरीच्या इंटरव्ह्यूचा फोन आला तेव्हा तीही तिसऱ्या हॅलोपर्यंत गप्प राहिली. मी कपाळावर हात मारला. नोकरी कस्टमर केअरची होती आणि तिला मिळाली.

"पेशन्स आहे म्हणाले, मॅडम!"

हिराबाई क्लासला का येतात, ते मला उशिरा कळलं. त्यांचा मुलगा दिनेश जहाजावर नोकरीला. एका सकाळी त्याचा फोन आला आणि सवयीनं त्या गप्प राहिल्या. पलीकडून एकदाच "हॅलो" आलं आणि फोन कट झाला. त्या गोष्टीला पाच महिने झाले, नंतर दिनेशची काहीच खबर नाही. जहाजाच्या कंपनीची माणसं फक्त इंग्रजी बोलतात, म्हणून त्यांना विचारण्यापुरतं इंग्रजी हवं होतं.

"मी लगेच ओ दिली असती तं?" त्यांनी मला विचारलं. त्या रडल्या नाहीत. मला मात्र रडू आवरेना.

मागच्या गुरुवारी मनीषा आली नव्हती. "मी येकटीच करते," म्हणून हिराबाईंनी रिसीव्हर उचलला. मी फळ्यावर त्यांच्यासाठी वाक्य लिहीत होते, 'व्हेअर इज माय सन?' वळले, तर त्यांचं एक बोट मिटलेलं होतं.

मग दुसरं मिटलं.

वायरचं कापलेलं टोक टेबलाखाली लोंबत होतं. सावंतकाकांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. तिसरं बोट बराच वेळ तसंच ताठ राहिलं.

"माझ्यानं ऐकवत न्हाय, मॅडम. तुमी ऐका."

मी रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. वर्ग माझ्याकडे बघत होता.

मग हिराबाईंचं तिसरं बोट मी माझ्या हातानं मिटलं आणि रिसीव्हर त्यांना परत दिला.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "बोल, दिनेश."