चुंबक लावणारे मामा

ट्रॅक्टरचं बोनेट बसवलं की मामा डोळे मिटून कान जवळ न्यायचे आणि मला विचारायचे, "बोललं का?" 'टक' असा आवाज आला, तरच त्यांच्या लेखी काम झालं.

लातुरात आमच्या कारखान्यात लाकडाचे वीतभर, खेळण्यातले ट्रॅक्टर बनतात. बोनेट निघतं, ट्रॉली काढून नांगर लावता येतो. सगळं मसुराएवढ्या चुंबकांवर. समोरासमोरची तोंडं चुकली तर चुंबकं चिकटत नाहीत, एकमेकांना ढकलतात. म्हणून मामा, आमचे सगळ्यांत जुने कारागीर, प्रत्येक चुंबकाच्या एकाच तोंडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे.

मी धर्माबादचा. शाळा नववीतच सुटली. इतक्या लांबच्या माणसाला मालकांनी काम दिलं, त्यांचे उपकार आहेतच. पण रोज सकाळी धास्ती असायची, आज 'गावाकडं जा' म्हणतात की काय. तुम्ही कधी परक्या गावात पोट भरलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, अशा वेळी शेजारच्याचं चांगलं काम बघवत नाही.

मामांचं मला बघवत नसे. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मामा हायत का?" मी समोरच बसलेला असायचो, स्टुलासारखा. माझा ट्रॅक्टर मालक पुन्हापुन्हा उघडून बघायचे. मामांचा न बघताच खोक्यात जायचा.

एकदा मी मुद्दाम माझी ट्रॉली मामांच्या ट्रॅक्टरला लावून मालकांपुढं ठेवली. "वा, मामा!" मालक म्हणाले. मामा चहाचा घोट घेत म्हणाले, "माझी न्हाई. ह्या धर्माबादकराची हाय." बरं वाटायला हवं होतं. पण माझं कौतुकसुद्धा त्यांच्याच तोंडून व्हावं, याची आग झाली.

मी घाईनं चुंबक लावू लागलो की मामा म्हणायचे, "चोरी करून राहिलास का रे? निवांत लाव की." मी मात्र त्यांच्या हातांवर नजर ठेवून होतो. एक तरी चूक सापडेल म्हणून.

दिवाळीनंतर मामा नांदेडला लेकीकडं राहायला गेले. त्यांची जागा मला मिळाली. पण दारातून "मामा हायत का?" विचारणं काही थांबलं नाही.

मग शिरूर अनंतपाळचे एक काका आले. जाण्याआधी मामांनी त्यांच्या ट्रॅक्टरला छोटं पेरणीयंत्र करून दिलं होतं. "मामाचं काम म्हणून लावून बी बघितलं न्हाई," काका म्हणाले, "आता लागंना झालंय." मी यंत्र त्यांनी आणलेल्या ट्रॅक्टरजवळ नेलं, ते मागं सरकलं. पुन्हा नेलं, पुन्हा सरकलं. चुंबक उलटं!

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मालक चार हातांच्या अंतरावर बसले होते. म्हटलं, काढतो आणि दाखवतोच. कटरच्या टोकानं चुंबक उचकटलं. वरच्या तोंडाला लाल ठिपका होता. उलटून पाहिलं, तर खालच्या तोंडालाही.

एकदा दिलेला ठिपका मामा विसरले होते, म्हणून पुन्हा दिला होता; 'टक' ऐकायचंही राहून गेलं होतं. आणि मी रोज त्यांच्या हातांकडंच बघत होतो.

"काय झालं रे?" मालकांनी विचारलं.

"काही नाही. धुरळा बसला होता."

दोन्ही ठिपके घासून काढले, नवा एक दिला आणि चुंबक फिरवून बसवलं. काकांनी यंत्र दोनदा काढून लावून बघितलं.

"मामाच्या हाताला तोड न्हाई बघा," ते म्हणाले.

"हाव," मी म्हणालो, आणि यंत्र कागदात गुंडाळायला घेतलं.