गोरेसाहेबांचा हिरवा चहा

कारखान्याच्या लॅबमधली आम्ही जुनी माणसं एकत्र बसलो, की बोलणं उसाच्या रसावरून निघतं आणि चहावर येऊन थांबतं. एकाचा किस्सा संपत नाही तोच दुसऱ्याला त्याच्या पुढचा आठवतो. त्यात गोरेसाहेबांचे इतके साठलेत, की सगळे सांगायला बसलो तर जेवणं राहून जातील. म्हणून फक्त चहाचे सांगतो.

श्रीरामपूरच्या बाजूला आमचा साखर कारखाना. गोरेसाहेब चीफ केमिस्ट, त्यांच्या हाताखाली शब्बीरभाई आणि मी. रसात साखर किती, पाकात किती, मळीत किती, हेच दिवसभर तपासायचं. उसातून जेवढी साखर निघते त्याला आम्ही उतारा म्हणायचो. तर पन्नाशीला आलेल्या साहेबांना डॉक्टरांनी डायबेटिस सांगितला. त्या दिवशी ते लॅबमध्ये आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शब्बीर, माझा उतारा फार चांगला निघालाय."

आम्हाला हसावं की नाही ते कळेना. मग तेच हसले.

*

साहेब दिवसभर चहावर असायचे, तोही घट्ट आणि गोड. तो एकदम बंद झाला आणि माणूस निम्मा झाला. दिवाळीला त्यांची लेक नलू आली. तिचे यजमान मिलिटरीत, आसामात पोस्टिंग. तिकडून तिने हिरव्या चहाचा पुडा आणला आणि वडिलांना समोर बसवून शिकवलं.

"बाबा, पाणी उकळलं की खाली उतरवायचं. वाफेचा जोर ओसरू द्यायचा. मग कपाला चमचाभर पत्ती, वर झाकण, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि गाळायचं. दूध नाही, साखर नाही. पत्ती घालून उकळलीत तर कडूजहर होईल."

साहेबांनी पुडा लॅबमध्ये आणला आणि कँटीनच्या पाराजीला सगळं नीट समजावलं. पाराजीने मान डोलावली. थोड्या वेळाने तो कप घेऊन आला. आत शेवाळल्यासारखा रंग, वर साय.

"साहेब, पत्ती जुनी हाय. रंगच देईना. म्हनून अजून टाकली, आलं घातलं, लई उकाळा दिला. दूध जरा फाटलं, पर साखर न्हाई घातली बरं का."

पाराजी समोर उभा होता. साहेबांनी कप शेवटपर्यंत प्यायला, खाली ठेवला आणि म्हणाले, "छान. उद्यापासून मी करत जाईन. तुला उगाच त्रास."

*

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंनी उत्साहाने बर्नरवर बीकर ठेवला, त्यात थर्मामीटर सोडला. पाणी किती निवलं ते बरोबर कळेल, असा हिशोब. साहेबांनी हात धरला.

"त्या बीकरमध्ये काल आपण शिशाचं पाणी घेतलं होतं." रस निवळायला आम्ही ते वापरायचो, पक्कं विषारी. "मला साखरेनं जाऊ दे बाबा, शिशानं नको."

शब्बीरभाईंचा चेहरा उतरला. पुढच्या दिवशी ते घरून चिनी मातीची किटली घेऊन आले. बाजूला निळी फुलं, झाकणाला बारीक तडा. त्यांच्या बायकोच्या माहेरची. ईदला पाहुणे आले तरच ती बाहेर निघायची.

"घरातून सांगितलंय, साहेब बरे होईपर्यंत लॅबमध्येच राहू दे."

"अरे, हा आजार बरा होत नाही."

"मग राहू दे की इथंच," शब्बीरभाई म्हणाले.

ती किटली साहेब रोज स्वतः धुवायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

*

कारखान्यात बोलबाला झाला, की गोरेसाहेबांकडे हिरवं औषध आहे. कोणी गुडघे घेऊन यायचा, कोणी गळणारे केस घेऊन. साहेब प्रत्येकाला सांगायचे, "औषध नाही रे हे. पोटाला हलका आहे, तरतरी येते, छातीत जळजळत नाही, एवढंच. माझे डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालूच ठेवा. पण साखरेचे इतके कप टळले, तो फायदा खरा."

एका सकाळी राहात्याकडचा गाडीवान भागूजी धावत आला. ऊस घेऊन आलेला त्याचा बैल गेटजवळ बसला होता, पोट टम्म फुगलं होतं. "साहेब, वाईच हिरवा च्या द्या. उठंल तो."

साहेबांनी चहा दिला नाही. जीप काढायला लावली, स्वतः जाऊन जनावरांचा डॉक्टर आणला आणि दुपारपर्यंत त्या बैलापाशी उन्हात बसून राहिले. बैल उठला तेव्हा भागूजीला रडू आवरेना. साहेबांनी त्याला लॅबमध्ये आणलं, किटलीतला चहा ओतून दिला. भागूजीने एक घोट घेतला. बराच वेळ तो तोंडातच धरून ठेवला. मग कसाबसा गिळून म्हणाला,

"बैल वाचला म्हनायचा."

*

मग बांगलादेशची लढाई लागली. नलू माहेरी येऊन राहिली होती आणि जावई तिकडे सरहद्दीवर. रेडिओवर लढाई संपल्याचं कळलं, गेटवर पेढे वाटले, पण जावयाची काही खबर येईना. आसामचा पुडाही संपला. साहेब नुसतं कोमट पाणी पिऊन काम करायचे. शब्बीरभाई परसातला गवती चहा आणून किटलीत घालायचे, आणि साहेब तो प्यायचे.

एक दिवस पाराजीने आम्हा सगळ्यांना चहा दिला, तो बिनसाखरेचा. आम्ही तो तसाच संपवला. दुसऱ्या दिवशीही तसाच. साहेबांनी माझ्या कपाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाराजीला विचारलं, "कारखान्यातली साखर संपली का रे?"

"गोदामात ठिवायला जागा न्हाई साहेब, एवढी हाय," पाराजी म्हणाला. "पर घशाखाली उतरंना."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. आम्ही आमच्या कामाला लागलो.

*

आणि हा शेवटचा. उसाचं गाळप जोरात होतं. दुपारची वेळ. लॅबच्या दारात एक उंच, काळवंडलेला माणूस येऊन उभा राहिला, खांद्यावर किटबॅग. स्टेशनवरून घरी जाताना वाटेत कारखाना लागतो, म्हणून आधी इथे आला होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जावयाने वाकून नमस्कार केला. साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

कॉलनीतलं घर जवळच. किटबॅग मी घेतली आणि तिघं चालत निघालो. दार उघडंच होतं. नलू आत स्वयंपाकघरात, आमच्याकडे पाठ, स्टोव्हला पंप मारत होती. साहेब उंबऱ्यातून म्हणाले, "नलू, चहा टाक गं. पाहुणे आलेत."

तिने मागे न बघताच विचारलं, "साखर किती घेतात पाहुणे?"

साहेबांनी जावयाकडे पाहिलं. तो चौकटीला धरून उभा होता. म्हणाला,

"तुला माहीत आहे की."