सगळे पुढे, गोली मागे

आमच्या टीमने फुटबॉल बदलला, असं मला गेली कित्येक वर्षं सांगण्यात येतंय. सांगणारे बहुतेक वेळा आमच्याच टीममधले असतात. मी त्या टीमचा गोली होतो, म्हणजे सगळा खेळ मागे उभं राहून बघणारा एकमेव माणूस. पण माझं मत आजवर कुणी विचारलं नाही.

टीम डोंबिवलीच्या खाडीकडच्या एका आगरी गावची. माझे वडील नोकरदार. आम्ही त्या गावात बैठ्या चाळीत भाड्याने राहायचो. भातकापणी झाली की दोन-तीन शेतांमधले बांध फोडून पोरं मैदान करायची, बांबूचे गोलपोस्ट रोवायची, आणि आसपासच्या गावांशी सामने उन्हाळाभर चालायचे. गावाचा रिवाज असा होता, की जो गोल करेल त्याला गावदेवीपुढचा नारळ द्यायचा. तो घेऊन पोरगा घरी गेला की त्याची आई शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने दारातच तो फोडायची. त्यामुळे गावातलं एकही पोर मागे थांबायला तयार नसे. बॅकला उभं राहून कुणाच्या आईला नारळ मिळणार? सगळेच्या सगळे पुढे. गोलात मात्र कुणीतरी लागतंच, म्हणून भाडेकरूचा मुलगा. ही निवड करताना कुणाला फारसा विचार करावा लागला नाही.

आता यालाच लोक आक्रमणाचं तंत्र म्हणतात. तंत्र कसलं, खोबऱ्याची हौस होती ती.

तरी खोटं कशाला बोलू, बघायला धमाल यायची. तोवर आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे सगळ्यांनी गोलापुढे गर्दी करायची आणि पायाशी आला की चेंडू लांब भिरकावून द्यायचा. एक गोल झाला की सामना संपल्यातच जमा. आमची टीम मात्र अनवाणी पायांनी, भाताची धसकटं तुडवत, लग्नाची वरात निघावी तशी निघायची. सर्वात पुढे आमच्या घरमालकाचा मुलगा. तो माझ्याच वयाचा, माझा जिवलग मित्र आणि आमचा सेंटर फॉरवर्ड. त्याच्या पायाला चेंडू चिकटला की समोरचे नुसते बघत राहायचे. आठ-पाच, नऊ-सहा असले स्कोअर व्हायचे. आठ ते करायचे, पाच माझ्यावर व्हायचे. गाव नाचत घरी जायचं. त्या पाचांबद्दल कुणाची काही तक्रार नसायची आणि माझ्याबद्दल कुणाचं काही म्हणणंही नसायचं.

गेल्या हिवाळ्यात त्या मित्राच्या पुतण्याची हळद होती. मी आता ठाण्यात राहतो, पण त्यांच्या घरच्या हळदीला गेलो नाही असं झालेलं नाही. जिथे आमचं मैदान होतं तिथे आता टॉवर आहेत, त्यातले काही फ्लॅट मित्राचेच. त्याचे गुडघे गेलेत, पण पांढऱ्याशुभ्र कपड्यात अजून रुबाबदार दिसतो. बेंजोवाले दम खायला थांबले तेवढ्यात माइकवरच्या मुलाने आम्हा जुन्या खेळाडूंना उभं केलं आणि फुटबॉलचा खेळ बदलून टाकणारी हीच ती टीम, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मित्र हात जोडून चारी दिशांना वळला.

मी खाली बसतोय तोच त्याची नात येऊन मला खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत घेऊन गेली. कॉलेजात जाते, धीट आहे, आणि त्या घरात फुटबॉल खरोखर कुणाला येत असेल तर तिला. ठाण्याच्या एका क्लबने तिला घेतलं होतं, पण गोलकीपर म्हणून. हे कळल्यापासून आजोबांनी तिला सरावाला नेणारी गाडी बंद केली होती. वडील आजोबांपुढे तोंड उघडत नाहीत. येत्या रविवारी माजिवड्याच्या टर्फवर सामना होता. ती गेली नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळणार होती.

"आजोबा, तुम्ही बोला ना आबांशी," ती म्हणाली. "मला गोल मारायचेच नाहीयेत. मला अडवायला आवडतं."

हे ऐकून मला इतका आनंद झाला, की तिला तिथेच कडेवर घ्यावंसं वाटलं. गोलात उभं राहायची आवड असलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी स्वतःसुद्धा तसा नव्हतो.

मित्र जेवायला बसला होता. मी शेजारी पान मांडून घेतलं आणि विषय काढला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"आमचे घरान कोन गोली झाला नाय रे," तो म्हणाला. "गोली म्हंजे भारोत्र्याचं काम."

भाडोत्री त्याच्या शेजारी बसून त्याच्याच घरचं जेवत होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. मला आधी हसू आलं. मग असा राग आला, की इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते सगळं बोलून टाकलं.

त्याला आंबिवलीच्या सामन्याची आठवण करून दिली. आमच्या टीमच्या कौतुकात हा सामना कधी येत नाही. दोन मोसम आमच्याकडून मार खाल्ल्यावर आंबिवलीची पोरं विचार करून आली होती. गोलात एक उंच पोरगा, त्याच्यापुढे चौघे, आणि काही झालं तरी त्या चौघांनी अर्धं मैदान ओलांडायचं नाही. आमची वरात दिवस मावळेपर्यंत त्यांच्यावर जाऊन आपटत राहिली. सगळे पुढे असताना त्यांच्या एकाने चेंडू पळवत आणला आणि माझ्या बाजूने आत घातला. तेवढाच एक गोल. गावदेवीपुढचे नारळ तसेच पडून राहिले. त्यानंतर विठ्ठलवाडीवाल्यांनीही गोलापुढे अडवायला पक्का स्टॉपर ठेवला, मग बाकीच्यांनी, आणि पुढे पुढे आपल्या गावातही गोलासाठी पोरं पारखून घ्यायला लागले. मागचं मैदान सांभाळणं हेही एक काम आहे, हे या पट्ट्याला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, आपण खेळ बदलला हे खरं आहे. पण पुढे पळून नाही बदलला. आपल्या भीतीने लोक शिस्तीत अडवायला शिकले, तो बदल टिकला. आणि तू रोज संध्याकाळी माझ्यावर शॉट मारायचास म्हणून मीही थोडाफार शिकलो. तुझी नात गोलात उभी राहत असेल तर ती आपलंच काम पुढे नेतेय.

तो भात कालवायला लागला. आंबिवलीच्या दिवशी मैदान ओलं होतं, एवढं म्हणून पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, कारण मैदान अजिबात ओलं नव्हतं. शेवटी म्हणाला, बघायला येईन, पण पटलं नाही तर तिथेच नाही म्हणून सांगेन. आणि सामन्यात मी चकार शब्द काढणार नाही.

रविवारी दोघे जाळीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. पलीकडे हायवेचा गोंगाट, मधे हिरवागार टर्फ. पहिली काही मिनिटं तो सवयीने पलीकडच्या गोलाकडेच बघत होता. त्याची नात अलीकडच्या गोलात, आमच्या डाव्या हाताला उभी होती, तर तिच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून बसला. मग समोरच्यांची एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट आली. नात गोल सोडून बाहेर धावली आणि थेट तिच्या पायांवर पडून चेंडू छातीशी धरून उठली. मित्राने खुर्ची सरळ केली.

उत्तरार्धात नातीच्या टीमने गोल केला आणि व्हायचं तेच झालं. मुलींच्या अंगात आलं. एकीमागून एक सगळ्या पुढे, आणखी गोल करायला. मागे ही एकटी. समोरच्या दोघी चेंडू घेऊन तिच्यावर चालून आल्या. पहिला शॉट तिने पायाने अडवला, तो परत त्यांच्याकडेच गेला, दुसरा तिने झेपावून बाहेर काढला. ती धडपडत उठेपर्यंत मित्र जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि सगळा टर्फ दणाणेल अशा आवाजात ओरडत होता.

"मांगं या गो, मांगं या. पोर एकली परलीय इकरं."

खेळणाऱ्या मुली थबकून बघायला लागल्या. नातीने मान न वळवता सांगितलं, "आबा, गप्प बसा, मी सांगते त्यांना." मग तिने हात करून एकेकीला नावाने मागे बोलावलं, आणि त्या निमूट आल्याही.

मित्र खाली बसला. त्याला धाप लागली होती. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तुला पन असांच वाटायचां काय रे?"

"वाटायचं ना," मी म्हटलं. आणखी काही बोलणार, तेवढ्यात चेंडू पुन्हा तिच्या दिशेने आला, आणि आम्ही दोघेही उठून ओरडायला लागलो, मागे या म्हणून.